मार्टिन्सव्हिलचा घाट : आण्णांसोबत नासकारचे चार दिवस

२०२२ च्या दिवाळीला आण्णा इकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला आले होते, गावाहून, मंचरपासून पुढं आत आमचं गाव आहे तिथून. भाऊबीज बुधवारी झाली आणि शुक्रवारी आम्ही दोघं मार्टिन्सव्हिलला नासकार, म्हणजे इथली स्टॉक कारची शर्यत, बघायला निघालो. बायकोला सुट्टी नव्हती आणि खरं सांगायचं तर तिला पाचशे चकरा बघण्यात इंटरेस्टही नव्हता. मी मूळचा फॉर्म्युला वनवाला, पहाटे उठून रेस बघणारा, किमी रायकोनेनसाठी जीव टाकणारा. स्टॉक कारबद्दल माझंही मत सगळ्यांसारखंच होतं, नुसतं डावीकडं वळायचं त्यात काय बघायचं. पण ऑगस्टमध्ये किमी वॉटकिन्स ग्लेनला नासकार चालवायला आला, ट्रॅकहाऊस नावाच्या टीमची गाडी, तेव्हा पहिल्यांदा पूर्ण रेस बघितली. किमी धडकून बाहेर पडला तरी मी टीव्ही बंद केला नाही. त्याच टीमचा रॉस चॅस्टेन म्हणून एक ड्रायव्हर आहे, फ्लोरिडातल्या कलिंगडवाल्या शेतकरी घरातला, रेस जिंकला की गाडीवर उभा राहून कलिंगड आपटून फोडतो. तो आवडला. मग तिकीटं काढली.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

सकाळी लवकर निघून आधी लेव्हल क्रॉसला गेलो, ग्रीन्सबरोच्या खाली छोटंसं गाव आहे, तिथं पेटी घराण्याचं म्युझियम. रिचर्ड पेटी म्हणजे यांचा देवमाणूस, २०० रेस जिंकलेला, ७ वेळा चॅम्पियन, ४३ नंबरची निळी गाडी. त्याचा बाप ली पेटी १९५९ ची पहिली डेटोना ५००, म्हणजे यांची सगळ्यात मानाची रेस, जिंकला, आणि ती इतकी चुरशीची झाली होती की फोटो बघून निकाल लावायला तीन दिवस लागले. आण्णांना ते एका आवारात घर, वर्कशॉप आणि सगळं कुटुंब त्यातच हे फार पटलं. आमच्याकडं पण तसंच होतं, गोठा घराला लागून आणि बैलांचं सगळं घरातच.

म्हणजे आण्णा बैलगाडा शर्यतीत गाडा पळवायचे हे आधी सांगायला हवं. खेड-आंबेगावच्या घाटांवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, आमचा गाडा पळायचा. २०१४ ला शर्यतींवर बंदी आली तेव्हा आण्णांनी दोन बैल विकले आणि नंतर कित्येक महिने ते घाटाच्या रस्त्यानं जायचेच नाहीत, लांबून वळसा घालून जायचे. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटी घालून परवानगी दिली त्या दिवशी रात्री साडेअकराला त्यांचा मला फोन आला होता, त्यांना वेळेचा फरक कधी लक्षात राहत नाही, मला ऑफिसात दुपार होती, मी मीटिंग सोडून बाहेर जाऊन बोललो.

दुपारी शार्लट. नासकारचा हॉल ऑफ फेम, २०१० ला उघडलेला. आत एक उतार बनवलाय ज्यावर जुन्या नव्या गाड्या ओळीनं लावल्यात आणि तो चढत चढत ३३ अंशापर्यंत कलतो, टॅलाडेगाच्या ट्रॅकला वळणावर एवढाच कल आहे. टीव्हीवर हे अजिबात कळत नाही. खाली उभं राहून वर बघितलं की भिंतच वाटते, आणि यावरून गाड्या ताशी ३०० किमीच्या आसपास एकमेकांना चिकटून जातात.

पण आण्णा थांबले ते हातभट्टीपाशी. खरीच भट्टी आहे तिथं, तांब्याची, ज्युनिअर जॉन्सननं स्वतः उभी करून दिलेली. हा माणूस पोरवयात डोंगरातून रात्रीची दारू पोचवायचा, पुढं अव्वल रेसर झाला. भट्टीवर पकडला गेला म्हणून तुरुंगात गेला होता आणि १९८६ ला प्रेसिडेंट रीगननं त्याला माफी दिली. सगळी स्टॉक कार रेसिंग अशीच उगवलीय, बाहेरून साधी दिसणारी गाडी, आतून इंजिन आणि स्प्रिंगा बदललेल्या, म्हणजे माल भरला तरी मागून दबलेली दिसू नये आणि पोलिसांपेक्षा जोरात पळावी. मग रविवारी कुणाची गाडी जास्त पळते यावर पैजा लागायला लागल्या, जत्रेतल्या घोड्यांच्या गोल मैदानांवर शर्यती व्हायला लागल्या. ओव्हल ट्रॅक का, तर मैदानं आधीच होती आणि पब्लिकला बसल्या जागी सगळं दिसायचं. १९४७ च्या डिसेंबरात बिल फ्रान्सनं डेटोनाच्या एका हॉटेलात सगळ्यांना बसवलं आणि १९४८ ला नासकार झालं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पहिली रेस. १९ जून १९४९, इथंच शार्लटला, मातीचा ट्रॅक. नियम एकच, गाडी शोरूममधून निघते तशीच पाहिजे, म्हणून तर स्टॉक. ग्लेन डनअवे पहिला आला, आणि तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाल्यांनी बदललेल्या निघाल्या. बाद! दुसऱ्या नंबरच्या जिम रोपरला विजेता केलं. आण्णा म्हणाले, "म्हंजी पहिल्याच बारीला भांडान." मी म्हणालो व्हय.

आता अर्थात स्टॉक असं काही उरलेलं नाही हे कबूल करायला पाहिजे. २०२२ पासून नेक्स्ट जेन नावाची नवी गाडी आलीय, कॅमरी मस्टँग कॅमॅरो ही फक्त नावं आणि चेहरे, खाली सगळ्यांचा सांगाडा आणि बरेचसे पार्ट सारखेच. आणि या गाडीबद्दल माझ्या मनात राग पण आहे, ती जास्तच कडक झालीय, धडक बसली की दणका ड्रायव्हरला बसतो, कर्ट बुश पोकोनोला डोक्याला मार लागून घरी बसला आणि अॅलेक्स बोमन टेक्ससनंतर. २००१ ला डेल अर्नहार्ट डेटोनाला शेवटच्या लॅपला धडकून गेला त्यानंतर मानेला पकडणारं हान्स सक्तीचं झालं, मऊ भिंती आल्या, त्यानंतर या वरच्या सिरीजमध्ये कुणी मेलं नाही. एवढं सगळं शिकून परत इथं यायला नको होतं.

शनिवार, २९ ऑक्टोबर

शार्लटहून सकाळी निघालो. मार्टिन्सव्हिल व्हर्जिनियात आहे पण नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला अगदी लागून, डोंगराच्या पायथ्याचं गाव, एकेकाळी फर्निचर आणि कापडाच्या गिरण्यांचं, आता बऱ्याचशा बंद. ट्रॅक १९४७ चा, म्हणजे नासकारपेक्षा जुना. लांबी ०.५२६ मैल, साधारण ८५० मीटर बस्स, कागदाच्या क्लिपसारखा, दोन सरळ पट्टे आणि दोन्ही टोकांना आखूड वळण. पट्टे डांबराचे, वळणं काँक्रीटची, कल फक्त १२ अंश. मागच्या पट्ट्याच्या मागून रेल्वे लाईन जाते, आम्ही पोचलो तेव्हा मालगाडी चालली होती आणि आण्णा डबे मोजत बसले.

इथं एक गोष्ट भारी आहे, खायला-प्यायला घरचं आत नेता येतं. छोट्या कूलरमध्ये चकली, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू. बाजूला एक म्हातारं जोडपं होतं, बरीच वर्षं त्याच सीटांवर येणारं, त्यांना चकली दिली तर त्यांनी आम्हाला इथला प्रसिद्ध हॉट डॉग आणून दिला, दोन डॉलरचा, भडक लाल सॉसेज, वर कोबीचं स्लॉ आणि कांदा आणि चिली. आण्णांनी सॉसेज बाजूला काढलं आणि कोबी-पाव खाल्ला. आजोबांनी पुढं दिवसभर चकलीचा डबा स्वतःच्या मांडीवर ठेवला होता.

दुपारी क्वालिफायिंग, म्हणजे उद्या कुणी कितव्या नंबरवरून सुटायचं ते ठरवणं. एका वेळी एकच गाडी, सेकंदावर. आण्णा सरळ होऊन बसले. आमच्याकडं पुणे जिल्ह्यात घाटात असंच असतं, एका वेळी एकच गाडा, पुढं घोडी, मागं बैल, आणि सेकंदावर नंबर. साताऱ्या-सांगलीकडं मात्र गाडे शेजारी शेजारी एकदम सुटतात. मी सांगितलं, आज आपल्यासारखं आणि उद्या साताऱ्यासारखं. एवढ्यावर त्यांना सगळा खेळ समजला, पुढं मला काही समजावून सांगावं लागलं नाही, उलट तेच विचारायला लागले की वळणावर ब्रेक लवकर मारणारा बाहेर निघताना जोरात का जातोय.

त्यानंतर खालच्या सिरीजची, तेव्हा तिचं नाव एक्सफिनिटी होतं, तिची रेस. शेवट ओव्हरटाईममध्ये, म्हणजे ठरलेले लॅप संपल्यावर वाढवलेल्या लॅपमध्ये. ब्रँडन जोन्स पुढं, जिंकला की वर्षाच्या चॅम्पियनशिपच्या फायनलच्या चौघांत जाणार, मागं त्याच्याच टीमचा टाय गिब्स, ज्याला जिंकायची गरज पण नव्हती, पॉइंट्सवर तो पुढं जातच होता. शेवटच्या लॅपला पहिल्या वळणावर गिब्सनं मागून ठोकलं, जोन्स भिंतीत. गिब्स जिंकला. मी आयुष्यात एवढी हुर्यो ऐकली नाही, सगळं स्टँड उभं राहून ओरडत होतं, आमच्या शेजारच्या आजी पण. टीम गिब्सच्या आजोबांची आहे हे मी सांगितल्यावर आण्णा म्हणाले, "घरच्या गाड्याला आडवं जायचं नसतं." परतताना गाडीत पण तेच, रस्ताभर.

हा विषय मला पण सोडवत नाही. धक्का देणं हा इथं खेळाचा भाग आहे. फॉर्म्युला वनची गाडी म्हणजे काचेचं सामान, पुढचा विंग दुसऱ्याच्या चाकाला लागला की रेस गेली. इथली गाडी जवळजवळ दीड टनाची, चाकं पत्र्याच्या आत, बंपरनं पुढच्याला जरा हलवलं, तो वर सरकला, आपण आतून गेलो, हे चालतं. पण किती हलवायचं याचा नियम पुस्तकात नाही, तो ड्रायव्हरांच्या आपापसात आणि स्टँडमधल्या लोकांच्या मनात आहे, आणि तो कुणी मोडला की चाळीसएक हजार लोकांना त्याच क्षणी कळतं. मला या खेळाचं हेच सगळ्यात जास्त ओढून घेतं.

रविवार, ३० ऑक्टोबर

ही तारीख माझ्यासाठी वेगळी आहे. ३० ऑक्टोबर २०११, असाच रविवार, मी ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर होतो, भारतातली पहिली फॉर्म्युला वन. तीन मित्र, पुण्याहून ट्रेननं. वेटेल जिंकला, नारायण कार्तिकेयन पण पळाला, राष्ट्रगीताला रडलो होतो आम्ही. ते मी कधी विसरणार नाही. पण बघितलं काय? पाच किमीचा ट्रॅक, आम्ही एका वळणावर, गाड्या यायच्या आणि जायच्या, मग दीड मिनिट वाट बघा. साठ वेळा. मध्ये कोण पुढं गेलं ते स्क्रीनवर. नाशिकला रॅली बघितली होती तेव्हा तर धुरळाच बघितला.

(नारायणचं सांगायचं राहिलं, तो २०१० ला नासकारच्या ट्रक सिरीजमध्ये होता आणि पहिली रेस त्यानं याच मार्टिन्सव्हिलला केली. त्या वर्षी त्या सिरीजचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून लोकांनी त्यालाच मतं दिली होती. हे आपल्याकडं कुणाला माहीतच नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं.)

इथं आम्ही चौथ्या वळणाजवळ वरच्या रांगेत होतो आणि पूर्ण ट्रॅक दिसत होता. पूर्ण. ३६ गाड्या, ५०० लॅप, एक लॅप वीसेक सेकंदांचा, म्हणजे मान सतत फिरतेय आणि कुठंतरी काहीतरी चालूच आहे, पहिल्या नंबरासाठी झालं नाही तर बाविसाव्यासाठी. ब्रेकच्या चकत्या तापून चाकाच्या आत लाल दिसतात. ब्रेकचा आणि रबराचा वास कपड्यांना लागतो, टायरचे बारीक काळे तुकडे उडून चिवड्यात पडतात. आवाज तर छातीत बसतो, जुन्या पद्धतीचे व्ही-एट आहेत, तेव्हा ६७० हॉर्सपॉवर होते, आताच्या एफ वनच्या हायब्रिडपेक्षा खूप मोठा आणि खूप खालचा आवाज. शर्यत सुटली तेव्हा आण्णांनी माझा दंड पकडला होता तो पाच-सहा लॅप सोडलाच नाही.

स्कॅनर भाड्यानं घेतला होता, दोन हेडफोन. त्यावर ड्रायव्हर, टीम आणि छपरावर उभा असलेला स्पॉटर यांचं बोलणं सरळ ऐकू येतं. ड्रायव्हरला बाजूचं फारसं दिसत नाही, स्पॉटर सांगतो आत आलाय, आतच आहे, क्लिअर. आण्णांना इंग्रजी येत नाही पण अर्ध्या तासात ते "क्लिअर" स्वतः आधी म्हणायला लागले आणि बरोबर यायचं. घाटातही गाड्याबरोबर कडेला माणसं ओरडत असतात, भिर्रर्र, त्यातल्या कुणाचा आवाज ऐकायचा हे हाकणाऱ्याला कळायला लागतं.

पिट स्टॉपला आण्णांनी बारकाईनं बघितलं. पाच माणसं, चार टायर आणि पेट्रोल, साधारण दहा-अकरा सेकंद. त्यात एखादा मागच्या काचेपाशी पाना घालून पिळतो, त्यानं चाकांवरचा भार बदलतो आणि गाडी वळायला सुधारते किंवा बिघडते. एफ वनला अडीच सेकंदात काम होतं, डोळे मिटले तर संपलं. इथं कोण चुकला ते बघायला वेळ मिळतो.

मधल्या दीडशे लॅपमध्ये मात्र मजा कमी झाली. नवी गाडी छोट्या ट्रॅकवर पुढच्याच्या मागं अडकते, डेनी हॅमलिन पुढं निघून गेला आणि ओव्हरटेक होत नव्हते, आण्णांनी वीस मिनिटं डुलकी काढली, त्या आवाजात. हॅमलिन व्हर्जिनियाचाच त्यामुळं आमच्या आजूबाजूला सगळे त्याचे. आणि त्याचं आणि आमच्या चॅस्टेनचं वर्षभर वाजलेलं, जूनमध्ये गेटवेला चॅस्टेननं त्याला धडकवलं, जुलैत पोकोनोला हॅमलिननं त्याला भिंतीत दाबलं.

आज आठ ड्रायव्हरांतले चार चॅम्पियनशिपच्या फायनलला जाणार होते. लोगॅनो आधीच गेलेला. शेवटी शेवटी ब्रिस्को जुन्या टायरवर पुढं, ख्रिस्तोफर बेल नव्या टायरवर मागून आला आणि पाचेक लॅप राहिले असताना घेऊन गेला. बेलला जिंकल्याशिवाय जागा नव्हती, तो जिंकतच होता. एलियट पॉइंट्सवर आत. राहिली एक जागा, हॅमलिन की चॅस्टेन, आणि शेवटच्या लॅपला चॅस्टेन दहावा, त्याला दोन गाड्या मागं टाकायला हव्या होत्या आणि त्या लांब होत्या. मी हेडफोन काढला. संपलं म्हणून डबे भरायला वाकलो, हे मी मुद्दाम सांगतोय कारण मला त्याची अजून चुटपुट आहे.

आण्णा ओरडले. "आरं त्यो भिंतीत चाल्लाय!"

मान वर केली तर पिट रोडच्या पलीकडं तिसऱ्या वळणाला सगळ्या गाड्या ब्रेक मारून वळतायत आणि एक गाडी ब्रेक न मारता वरच्या भिंतीला उजवी बाजू घासत पूर्ण थ्रॉटलवर येतेय, ठिणग्या, आवाज वेगळाच, पत्रा फाटल्यासारखा, आणि ती वळणात बाकीच्यांच्या कितीतरी पट जोरात आहे, जणू बाकीचे थांबलेत. आमच्या समोरून गेली. रेषेवर हॅमलिनच्या पुढं. पाच गाड्या एका वळणात.

काही सेकंद स्टँडला काय झालं ते कळलं नाही. कुणी म्हणालं अॅक्सिलरेटर अडकला. मग शेजारचे आजोबा, हॅमलिनचे जुने फॅन, टोपी काढून हातात धरून नुसते हसत होते, आणि सगळीकडं मोबाईलवर तेच परत परत. त्यानं मागच्या पट्ट्यावर पाचवा गिअर टाकला होता आणि गाडी भिंतीला टेकवून स्टीअरिंग जवळजवळ सोडूनच दिलं होतं. लहानपणी भावाबरोबर गेम क्यूबवर नासकारची गेम खेळताना अशी युक्ती केली होती, ती आठवली म्हणे. लॅपची वेळ १८.८४५ सेकंद, तोपर्यंतचा क्वालिफायिंगचा रेकॉर्ड १८.८९८ होता, म्हणजे ५०० व्या लॅपला, झिजल्या टायरवर, भिंत घासत, इथल्या इतिहासातला स्टॉक कारचा सगळ्यात जोरातला लॅप.

बेलला बक्षीस म्हणून मोठं लाकडी उभं घड्याळ मिळालं, इथं १९६४ पासून कपाऐवजी घड्याळच देतात. आण्णांना आमच्या आजोबांची पितळी ढाल आठवली, ती अजून गावच्या घरात देवळीत आहे.

पार्किंगमधून निघायला दोन तास लागले, आणि ग्रीन्सबरोला हॉटेलवर आमची रूम दुसऱ्याला देऊन टाकलेली, रात्री अकराला दुसरं शोधलं. तिथं फोनवर कळलं की चौथा आलेल्या केसेलोव्स्कीची गाडी वजनात कमी भरली म्हणून बाद, चॅस्टेन चौथा. १९४९ च्या स्प्रिंगा आठवल्या. मेक्सिकोला त्याच दिवशी एफ वन होती, वर्स्टॅपेन वर्षातली १४ वी जिंकला, एका सीझनचा तेव्हाचा रेकॉर्ड. मी ती रेस अजून बघितलेली नाही.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

घरी जाताना मुद्दाम डॅनव्हिलवरून गेलो. वेंडेल स्कॉट नावाचा जुना नासकार रेसर इथला. काळा माणूस, मेकॅनिक, टॅक्सी चालवायचा, दारूही वाहायचा, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करून जवळजवळ पाचशे रेस पळाला. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलला जिंकला तर त्यांनी विजेता म्हणून बक बेकरचं नाव पुकारलं आणि कप त्यालाच दिला, नंतर सगळे गेल्यावर मोजणीत चूक झाली म्हणून मान्य केलं. आता त्याच्या नावाचा रस्ता आहे. गाडी कडेला लावून आम्ही दोघं थोडं चाललो. मी आण्णांना सगळं सांगितलं, आणि हेही की २०२० पर्यंत या स्टँडांमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गुलामगिरीवाल्या बाजूचा झेंडा फडकायचा, त्यावर बंदी आली त्याच दिवशी बब्बा वॉलेस हा काळा ड्रायव्हर मार्टिन्सव्हिललाच 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' लिहिलेली काळी गाडी घेऊन पळाला होता. आम्हाला दोन दिवसांत कुणी वाकडं बोललं नाही. पण तिकीट काढताना माझ्या मनात ती भीती होती, आणि ती मी आण्णांना तेव्हा सांगितली नव्हती, आज सांगितली.

त्यांनी विचारलं, "मग त्याला कप भेटला का?"

मी म्हणालो गेल्या वर्षी, २०२१ ला, घरच्यांना. तो १९९० ला गेला.

"लय उशीर केला," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

पुढं तासभर फोनवर गावच्या त्यांच्या जोडीदाराला भिंतीची गोष्ट सांगणं चाललं होतं, त्यात पाचाच्या सात गाड्या झाल्या तेव्हा मी मध्ये बोललो. फोन ठेवल्यावर मी म्हणालो एप्रिलमध्ये इथं परत रेस आहे, तिकीट पाठवतो. तर म्हणाले एप्रिलला आपल्याकडं यात्रा असत्यात, औंदा दोन खोंड घेतल्यात, जमायचं नाय.